उजव्या खुर्चीचं वजन

माझा धाकटा भाऊ लिफ्टवाला. म्हणजे लिफ्ट चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. हा फरक मी माझ्या पार्लरमधल्या गिऱ्हाइकांना इतक्यांदा समजावलाय की आता त्यासाठी कात्रीसुद्धा थांबवावी लागत नाही. उभा जन्म त्यानं लोकांच्या लिफ्टचे दोर तपासण्यात घालवला, आणि त्याचं तत्त्व एकच: लागतं त्याच्या दहापट मजबूत. घरात टॉवेल टांगायचा खिळासुद्धा असा ठोकलाय की टॉवेलाऐवजी म्हैस टांगली तरी जागचा हलणार नाही.

त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये जाणं म्हणजे तर अपमानच. एकदा एका इस्पितळात आम्ही दाटीवाटीनं लिफ्टमध्ये शिरलो आणि जास्त वजनाची घंटी वाजली. सगळे छताकडे बघायला लागले, कुणी हलेना. हा शांतपणे म्हणाला, "ताई, उतर. पुढच्या फेरीला ये." एवढ्या माणसांत यानं सख्ख्या बहिणीला उतरवलं! मी जिन्यानं धापा टाकत गेले आणि आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

तर असा हा गृहस्थ पन्नाशीला आला आणि एके दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "ताई, मी विमान बांधतोय."

"खेळण्यातलं?"

"नाही गं, बसायचं. दोन खुर्च्यांचं. सुटे भाग मिळतात, त्याला किट म्हणतात. आपण घरी जोडायचं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं, आणि भावजयीकडे वळले. "अगं, तू तरी सांग याला चार शब्द."

भावजय चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. हात स्थिर, बोलणं मोजकं. ती म्हणाली, "ताई, माझं सांगून झालंय. दुसरी खुर्ची माझी असेल तर बांध, म्हटलं."

घ्या! नवऱ्याला वेड लागलं तर बायकोनं आवरावं, इथे दोघंही एकाच माळेचे मणी.

किटची किंमत ऐकली तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. एका चांगल्या गाडीइतकी. मी म्हटलं, चला, संसार बुडत नाही. पण किट म्हणजे नुसता सांगाडा हो! पंख, शेपूट, मधलं धड, तीन चाकं आणि खोकी भरभरून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे. इंजिन वेगळं, आणि त्या इंजिनाची किंमत जवळजवळ किटइतकीच. पुढचा पंखा वेगळा. वेग आणि उंची दाखवणारी घड्याळं वेगळी, रेडिओ वेगळा, रंग वेगळा. खोकी आणायचं भाडं, शेडचं भाडं, विमा, तपासणीची फी. आणि एवढं सगळं करून उडवता कुणाला येतंय? ते शिकायचे पैसे आणखी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्यांनी गाडी विकली आणि बसनं फिरायला लागले. भावजयीला नवं स्वयंपाकघर करायचं होतं, ते राहूनच गेलं. तिच्या ड्रॉवरची मूठ तुटली होती, तिथे सुतळी बांधून ती ओढायची. मी भावाला म्हटलंसुद्धा, "अरे, बायकोचा ओटा पंखात घातलास तू." तो हसला, पण कान लाल झाले. खजील झाला की त्याचे कान आधी बोलतात.

टायरच्या दुकानामागे पत्र्याची एक शेड होती, तिथे काम चालायचं. मी चहाचा थर्मास घेऊन जायचे आणि फुकटचे सल्ले द्यायचे. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. हा बाहेरून हवेच्या हातोडीनं ठोकणार, आणि ती पत्र्याच्या आतल्या बाजूनं लोखंडी ठोकळा दाबून धरणार, म्हणजे रिव्हेटचं टोक चपटं होऊन बसतं. मध्ये पत्रा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. म्हणून त्यांनी खूण ठरवली होती. रिव्हेट नीट बसला तर तिनं आतून एकदा टकटक करायचं. दोनदा केलं तर पुन्हा मार. भांडण झालं तरी काम थांबायचं नाही. अबोला धरून दिवसभर टक, टकटक, टक चालायचं. मी म्हणायचे, माझ्या संसारात अशी सोय असती तर किती शब्द वाचले असते!

अशी काही वर्षं गेली. पोरासारखं वाढलं ते विमान. आधी शेपूट, मग पंख, मग धडाला चाकं आली आणि ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं. त्या दिवशी भावजयीनं उजव्या खुर्चीत बसून पाहिलं. इंजिन नाही, काच नाही, समोर पत्र्याची भिंत, आणि ही बया खुर्चीत बसून खुदुखुदु हसतेय. तिला मी तशी कधीच पाहिली नव्हती.

मग आला वजनाचा दिवस. विमान पुरं झालं की तीन चाकांखाली तीन काटे ठेवून तोलतात. तपासणीसाहेब आले, सडपातळ, कानावर पेन्सिल. त्यांनी आकडे मांडले, बेरीज केली, पुन्हा केली.

"एकेचाळीस किलो जास्त आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?" मी मध्येच. मला गप्प बसवत नाही.

"म्हणजे दोघं बसले तर पेट्रोल घालता येणार नाही. पेट्रोल घातलं तर यांनी एकट्यानंच बसायचं. दुसरी खुर्ची रिकामी."

लोकांना आयुष्यभर लिफ्टमधून उतरवणाऱ्या माझ्या भावावर स्वतःच्या बायकोला उतरवायची पाळी आली होती. त्याच्याकडे बघवेना मला. भावजय काट्यांकडे बघत होती.

साहेबांनी पेन्सिल आकड्यावर टेकवली. "आणि हे काय? उजवं चाक डाव्यापेक्षा सतरा किलो जड? बॅटरी उजवीकडे बसवलीत का?"

"नाही," भाऊ म्हणाला. कान लालबुंद.

साहेब बॅटरी घेऊन, म्हणजे हातातला टॉर्च, उजव्या खुर्चीखाली वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. "नकाशात इथे एक पट्टी आहे. तुम्ही चार लावल्यात. खाली पत्रा दुहेरी. आणि कमरेच्या पट्ट्याला हा बोल्ट? हा ट्रकचा आहे का?"

"लिफ्टचा."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे नकाशाप्रमाणे."

"असं का?"

भाऊ इतक्या हळू बोलला की मला पुढे सरकावं लागलं. "डावीकडे मीच बसणार ना."

गाढव कुठला! बाकी विमानात त्यानं जागोजागी जास्तीचं घातलंच होतं, सवयच ती. पण सगळ्यात जास्त माया त्या एका खुर्चीखाली, आणि तीच आता तिला बसू देत नव्हती.

"मी दुकानात असताना केलंस हे?" भावजयीनं विचारलं.

त्यानं मान डोलावली. "एका हातानं ठोकलं, दुसऱ्यानं ठोकळा धरला."

"काढ सगळं. तुला जेवढं पुरतं तेवढं मलाही पुरेल."

"अगं, पण..."

"नकाशातल्या एकेका रिव्हेटमागे मी ठोकळा धरून उभी होते. ते किती धरतात ते मला माहीत आहे." आणि तिनं पंखावर दोनदा टकटक केलं.

पुन्हा कर! साहेबांना काही कळलं नाही, ते आपले पेन्सिल शोधत होते. ती कानावरच होती.

मग कितीतरी रविवार उलटं काम. रिव्हेट ड्रिलनं काढायचे, पट्ट्या सोडवायच्या, नकाशात आहे तेवढंच ठेवायचं. एकेक पट्टी काढताना त्याचं तोंड असं व्हायचं की जणू दात उपटतोय. मी बादली धरून उभी राहायचे. "टाक रे," म्हणायचे, "जीव नाही चालला तुझा." त्यानं चहातली साखरही सोडली, दोन किलो स्वतःच्या अंगावरून काढले. काढलेल्या पट्ट्या फुकट नाही गेल्या हं. त्यांची भावजयीच्या स्वयंपाकघरात मांडणी झाली आणि ड्रॉवरला मूठ आली. त्या मांडणीवर खुशाल म्हैस बसवा.

दुसऱ्यांदा तोललं तेव्हा साहेबांनी एकदाच बेरीज केली आणि हात पुढे केला. भावजयीनं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला. तो तिनंच नंतर सरळ करून दिला.

सुरुवातीचं उडणं नियमाप्रमाणे त्यानं एकट्यानं केलं. आणि मग एका सकाळी, वारा अगदी पडलेला असताना, ती उजव्या खुर्चीत बसली. मी धावपट्टीच्या कडेला, ठेवणीतले कपडे घालून, पर्स घट्ट धरून. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? ते पिल्लू धावायला लागलं तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर खाली नुसतं गवत, आणि ते दोघं वर! मी चक्क ओरडले. रडलेसुद्धा. माझा भाऊ, जो खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जाण्यापलीकडे कधी गेला नाही, तो बायकोला घेऊन झाडांच्या वरून चालला होता.

एक मोठी फेरी मारून ते उतरले. इंजिन बंद झालं, पंखा थांबला. मी धावत जवळ गेले. त्यानं दार उघडलं आणि तिच्याकडे वळून विचारलं, "कसं वाटलं?"

तिचे गाल ओले आणि हसू मावत नव्हतं. तिनं हात वर केला आणि दारावर टकटक केलं. दोनदा.

भाऊ असा हसला, असा हसला, की मला त्याचं दुधाचे दात पडलेलं तोंड आठवलं. त्यानं दार ओढून घेतलं आणि फटीतून मला ओरडून सांगितलं, "ताई, तू पुढच्या फेरीला ये!"

ये म्हणे! ते गेले निघून, आणि मी बसले गवतात पर्स मांडीवर घेऊन. करते काय? या वेळी जिनाही नव्हता.