बत्तीची जागा

"मावशी, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

शाळेतल्या मॅडम माझ्या आईला म्हणाल्या. नवापूरच्या किनाऱ्यावर, आमच्याच बत्तीच्या खांबाजवळ. आई पदर सावरत मागं सरली. सरताना हसलीसुद्धा. ते हसणं मला अजून सोसत नाही.

मी नववीत होते. बोईसरच्या इंग्रजी शाळेत आमच्या वर्गात नवापूरची मी एकटीच. प्रकल्प होता, ‘बीकन’ या शब्दाचे अर्थ आणि उपयोग. कारखान्यातल्या बड्या साहेबाची मुलगी मृण्मयी घडाघडा बोलली. डोंगरावर पेटवलेला जाळ, दीपस्तंभ, विमानतळावरचा फिरता दिवा, वाट दाखवणारा माणूस. टाळ्या पडल्या. मी उठून म्हणाले, "माझी आई रोज बत्ती लावते, होड्यांसाठी."

मॅडम म्हणाल्या, "छान. मृण्मयी, तुझ्या प्रकल्पात हे घे."

आई माझी आणि प्रकल्प तिचा. जळत होते मी. तिच्या इंग्रजीवर, पांढऱ्याशुभ्र मोज्यांवर, न घाबरता उभं राहण्यावर. आणि तरी घरी येऊन मीच आईला म्हटलं, "चांगलं लुगडं नेस. शाळेतले बत्तीचा फोटो काढायला येणार हायत."

दिवेलागणीला आले सगळे. बाबांची होडी अजून पाण्यात होती. आमच्याकडं देवळावर एक दिवा असतो आणि खाली खांबावर आईची बत्ती. होडीतून दोन्ही एकावर एक दिसले की खडकांमधली वाट सापडते. खांबावरची बत्ती हलवायची नाही, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं.

मृण्मयीनं बत्ती काढली. मागं तांबडं आभाळ हवं म्हणून वीस पावलं लांब जाऊन उभी राहिली.

"बाय, बत्ती जागेवर पायजे," आई तिला म्हणाली. "होडी येते हाय."

"दोनच मिनिटं हो, मावशी," मॅडम म्हणाल्या आणि फोटो काढत राहिल्या.

होडीनं तोंड फिरवलं. थेट खडकांकडे.

आई अजून परवानगीची वाट बघत होती. मी नाही बघितली. पळत गेले, मृण्मयीच्या हातातली बत्ती हिसकावली, खांबावर टांगली. होडी अडखळली, वळली, आत आली. बाबा उतरले. "बत्ती कोणी हालवली?" एवढंच म्हणाले. आई होडीचा दोर ओढायला वाकली.

मॅडम मला म्हणाल्या, "हिसकावतेस काय? आधी तिची माफी माग."

"नाय मागणार."

त्यांच्यासमोर माझ्या बोलीत मी पहिल्यांदा बोलले.

प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला. फोटोत बत्ती धरलेली मृण्मयी, कडेला आईचा अर्धा खांदा.

आता इंग्रजी मलाही येतं. तरी तो फोटो आठवला की पोटात जळतं. जळू दे. आमच्या कामावर दुसरं कुणी मिरवायला लागलं की मी तिथंच उठते आणि आईचं नाव घेते. यापुढं कुणी तिला बाजूला व्हा म्हणालं, तर ती सवयीनं सरेल. मी सरू देणार नाही.