लुगडं माझं हाय

लातूर जिल्हा झाला त्या साली निलंग्याकडं पावसानं तोंड काळं केलं. विहिरीत निव्वळ चिखल राहिला, तेव्हा गावाला मल्लव्वा जोगतीण आठवली.

जन्मल्यावर नाव ठेवलं होतं मलप्पा. पण मिसरूड फुटायच्या वयात आईचं लुगडं नेसलं, ते पुन्हा सोडलंच नाही. बापानं चाबकानं फोडून काढलं, तरी नाही! शेवटी आईनं, गंगम्मानं, शक्कल लढवली. "यल्लम्मानं धरलंय माझ्या लेकराला," म्हणून गावभर सांगत सुटली. झालं! मारणारेच पाया पडू लागले. देवीची परडी हाती आली. अंगात आल्यावर कसं घुमायचं, तेही गंगम्मानंच शिकवलं.

आज देवळापुढं हलगी कडाडत होती. गावचा कारभारी नरसिंग हात जोडून म्हणाला, "आई, पाऊस कवा? तू थांब म्हणलीस तर थांबतो. न्हाई तर उद्याच ढोरं छावणीला हाकतो."

मल्लव्वाला वाटलं, आठ दिवस थांबा म्हणावं अन् सुटावं. पण शेजारच्या साखराबाईची गाय समोरच उभी होती, नुसता हाडांचा सापळा. आठ दिवसांत ती खलास झाली असती. गंगम्मा डोळ्यांनी विनवत होती, घूम गं माय, घूम.

मल्लव्वानं परडी खाली ठेवली.

"माझ्या अंगात कुणी येत न्हाई. कवाच आलं न्हाई. ढोरं हाका."

हलगी थांबली.

"मग लुगडं कशाला नेसलास रे?" नरसिंगनं पदराला हात घातला. "फेड!"

"परडी देवीची, ती घ्या." तिनं निऱ्या मुठीत आवळल्या. "लुगडं माझं हाय. बाई हाय म्हणून नेसते."

दगड आले. पदर फाटला. गंगम्मा मधी पडली म्हणून जीव वाचला. सकाळी ढोरं छावणीला निघाली. म्हणजे शब्द मानला हो तिचा! पण एकाही गाडीत तिला जागा नाही. वा रे गाव!

आईला गावातच ठेवून ती पायीच लातूरला गेली. नव्या कचेरीचं बांधकाम चाललं होतं. मुकादम गड्यांना कुदळ देत होता, बायांना घमेलं. तिच्यापाशी येऊन थबकला.

"गडी का बाई?"

रांगेतल्या साऱ्या माना वळल्या. सांभाळून घ्यायला इथं आई नव्हती, देवीही नव्हती.

"बाई."

मुकादमानं खालीवर न्याहाळलं. मग घमेलं पुढं केलं. ते मल्लव्वानं दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं, की शेजारची बाई म्हणाली, "अगं, रिकामंच हाय ते."