मावशींनी बसवलेली टपालपेटी

मावशींनी भर दुपारी बॅटने माझ्या फाटकाजवळची टपालपेटी फोडली, तेव्हा ऑकलंडच्या आमच्या मराठी मंडळींनी त्यांनाच नावं ठेवली. मी ती ऐकून घेतली, एकदाही अडवलं नाही. वास्तविक पेटी फुटावी असंच मी वागलो होतो. हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

माउंट रॉस्किल उपनगरात कोपऱ्यावर आम्हा सगळ्यांच्या या मावशींची डेअरी होती. डेअरी म्हणजे इथलं दूध-पाव-बिस्किटांचं दुकान. काउंटरखाली क्रिकेटची बॅट असायची. "आधी हात, मग बात," असं म्हणायच्या आणि तसंच वागायच्या. एकदा सुरी घेऊन गल्ल्यावर आलेल्या माणसाचं मनगट त्यांनी एका फटक्यात मोडलं. मग पोलीस येईपर्यंत त्याच्या मनगटावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी धरून बसल्या. तो जरा हलला की दुसऱ्या हाताने बॅट उचलायच्या.

त्यांच्या यजमानांना समुद्राने नेलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर खडकावर उभे राहून ते गळ टाकत होते. लाटेने त्यांना उचललं, खडकावर आपटलं आणि आत ओढलं. त्यांना पोहता येत नव्हतं आणि काठावर उभ्या असलेल्या मावशींनाही. पुढच्याच उन्हाळ्यात, पन्नाशीच्या मावशी टॉग्जवर, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांवर, कुडता चढवून प्राथमिक शाळेच्या पोहण्याच्या तलावात पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचं पोहणं म्हणजे नुसती मारामारी. "पाण्याला मारायचं," त्या म्हणायच्या, "नाहीतर ते आपल्याला मारतं."

आमच्या लोकांची पोरं त्यांनी एकेक करून त्या तलावात घातली. माझी इरा काठाला चिकटून रडत होती, तर तिला उचलून सरळ पाण्यात फेकलं. मी धावलो, तर माझी कॉलर धरली. इरा नाकातोंडातून पाणी काढत, हात आपटत वर आली. "बघ, आली ना वर?" मावशी म्हणाल्या. "तू आला नसतास."

शतक बदलून चार-पाच वर्षं झाली असतील. तलावाला तडे गेले. शाळेला सरकारकडून मिळणारा पैसा त्याला पुरणारा नव्हता. मग कौन्सिलने विचारलं, शाळेच्या या तलावासाठी आसपासच्या घरांवर रेट्स, म्हणजे घरपट्टी, थोडी वाढवू का? मतं टपालाने द्यायची होती. शाळेच्या हॉलमधल्या सभेत एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, माझं कोणी शाळेत नाही, मी का भरू? मावशींनी खुर्ची भिरकावली. ती त्या गृहस्थांच्या डोक्यावरून जाऊन फळ्यावर आदळली. मग आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, तुझ्या घराला आग लागली तर बंब मागवतोस ना? माझं घर कुठे पेटलंय, तरी बंबाचे पैसे मी भरतेच की. त्यांना हॉलबाहेर काढलं, पण टाळ्याही पडल्या.

आमच्यात मीच इथे सगळ्यांत जुना. मी शेजारच्या हिल्सबरोला राहायचो, रॉस्किलची माझी दोन घरं भाड्याने दिलेली होती. मतपत्रिकांची पाकिटं आली तशी नवी मंडळी, बहुतेक भाड्याने राहणारी, मलाच विचारायला लागली. मी सांगितलं, घरपट्टी भरतो त्याचं मत, भाडेकरूंचा संबंध नाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या हिशेबाने सगळ्यांना ते पटलं. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. मग एका संध्याकाळी सोबतचं पत्रक वाचलं. मत भाडेकरूंनाही होतं. मुदत बाकी होती. फोन हाताशी होता. पण तिन्ही घरांची घरपट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मी पत्रक घडी करून ठेवलं. मंडळींची न उघडलेली पाकिटं रद्दीत गेली. ठराव थोडक्यात पडला.

मी भाडेकरूंना काय सांगितलं होतं ते मावशींना कुठूनतरी कळलं. त्या चालत आल्या आणि पेटीवर घाव घालत सुटल्या. पत्रा चेपला, खांब मोडला, ढलप्या उडाल्या, त्यांच्या तळहातातून रक्त आलं. मी बाहेर आलो तशी बॅट माझ्या कपाळासमोर धरली.

"एकच सांग. तुला माहीत होतं की नव्हतं?"

"नव्हतं, मावशी."

बॅट खाली आली. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधलेल्या मावशी नवी पेटी घेऊन हजर. खड्डा स्वतः खणला, खांब ठोकला. जाताना म्हणाल्या, "चुकलं रे माझं. विचारायचं आधी, मग मारायचं." आयुष्यभराची म्हण त्यांनी माझ्या खोट्यापायी उलटी केली. मी त्यांना चहा दिला.

तलाव मातीने बुजवला. मावशी दुकान विकून टौरंगाला भाचीकडे गेल्या. त्या पेटीतून मी वर्षानुवर्षं टपाल काढत राहिलो.

मग गेल्या उन्हाळ्यात इरा समुद्रात ओढली गेली. बऱ्याच वेळाने पार पलीकडच्या टोकाला बाहेर आली, गुडघे सोललेले, ओठ निळे. मी तिला टॉवेलात गुंडाळलं तर म्हणाली, "आय जस्ट हिट इट, बाबा. लाइक मावशी सेड."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी टौरंगाला गेलो. मावशी अंगणात कुऱ्हाडीने लाकडं फोडत होत्या. खूप थकल्या होत्या, पण घाव तसाच होता. मला बघून हसल्या. कुऱ्हाड हातातच होती. ती खाली ठेवा असं मी म्हटलं नाही.

"मावशी, मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला क्षमा करा."