फकीरप्पाचे दोनशे त्र्याहत्तर

धारवाडच्या कॉलेजात परीक्षानळ्या धुता धुता फकीरप्पा तळवारचे केस पिकले. आता प्रयोगशाळा-मदतनिसाची जागा निघाली होती. नळ्या धुणं सुटून स्वतः द्रावणं करायला मिळणार, पण त्यासाठी बारावी पास हवी. गड्याचे बाकी विषय सुटले होते. केमिस्ट्रीने मात्र दोनदा पाणी पाजलं होतं.

त्याच्या लेकीच्या वयाच्या केमिस्ट्रीच्या बाई, वसुंधरा अक्कोरु, कॉलेज सुटल्यावर त्याला शिकवायच्या. कशात किती मिसळलं की किती बनतं, ही गणितं त्याला झटकन आली. घोडं अडलं ते वायूपाशी.

"दोन लिटर वायू, सत्तावीस डिग्री. तापवून चोपन्न केला. किती झाला?"

"चार," फकीरप्पा ऐटीत म्हणाला.

"आणि शून्य डिग्रीला?"

त्याने डोकं खाजवलं. "काहीच नाही की."

"मग गेला कुठं?"

"थंडीत कोण बाहेर फिरतंय, अक्कोरु?"

अक्कोरुंनी कपाळाला हात लावला. "फकीरप्पा, आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे. केल्विन करायचं. मगच गणिताला हात."

रोज ऐकायचा, रोज विसरायचा.

एकदा गंगव्वा, त्याची बायको, ज्वारीचं पीठ काढत होती. आधी एक मूठ परातीत टाकली, मग घरची माणसं मोजली.

"आज कोण येणार आहे?"

"येऊ दे, न येऊ दे. पाहुण्याची मूठ आधी. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज दिसलं होय?"

त्या दिवसापासून फकीरप्पा दोनशे त्र्याहत्तर विसरला नाही. पेपरातही आधी तेच मिळवले. तापमान केल्विनमध्येच दिलं होतं, हे बाहेर आल्यावर कळलं.

"पाहुणा आधीच जेवायला बसला होता गं. मी त्याला पुन्हा वाढलं."

"उपाशी तर नाही गेला?" गंगव्वा म्हणाली. "गप जेवा."

निकालापर्यंत घास गोड लागला नाही. पण मिसळण्याच्या गणितांनी तारलं. काठावर का होईना, पास झाला आणि जागाही मिळाली.

पहिल्याच दिवशी त्याने सोडा तोलला, पाणी मोजून घातलं, बाटलीवर चिठ्ठी डकवली. पोरापोरींनी त्यातलं थोडं थोडं घेऊन रंग पालटेपर्यंत थेंब थेंब अ‍ॅसिड सोडलं. किती लागलं, अक्कोरुंनी एकेकाला आकडा विचारला. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच आकडा आला, हिशेबाने यायला हवा तोच.

"द्रावण कुणी केलं?" अक्कोरुंनी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

फकीरप्पाने हात वर केला.