बहिणीच्या लेकीचा पासपोर्ट

माझी धाकटी बहीण वालीवच्या एका कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. तिथे माल घ्यायला येणाऱ्या एका नायजेरियन माणसाशी तिने लग्न केलं. आम्ही वसईजवळच्या नंदाखाल गावचे केळीच्या वाडीवाले, भावकी मोठी. बराच काळ घरातलं कुणी तिच्याशी बोललं नाही. मुलगी झाली तेव्हा आधी आईच विरघळली. कुरळ्या केसांची ती पोर आईच्याच बोलीत "पानी दे" म्हणायला लागली आणि आमचं येणं-जाणं पुन्हा सुरू झालं.

मेहुण्यांचा व्हिसा मुलीच्या जन्माआधीच संपला होता. ती शाळेत जायला लागली आणि ते पकडले गेले. त्यांना परत पाठवलं. मग संसार फोनवरच. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. "एक बार बेटी को लेके आओ," एवढंच ते म्हणत.

मी मायलेकींबरोबर पासपोर्टसाठी गेले. खिडकीतला अधिकारी म्हणाला, "हिचा निघणार नाही. जन्माच्या वेळी वडील इथे बेकायदा राहत होते."

"अहो, पोर वसईत जन्मली. आई भारतीय आहे."

"मॅडम, आई असून भागत नाही. कायदाच तसा आहे."

तो उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं.

माणिकपूरच्या वकिलांनी सांगितलं, "वडिलांच्या देशाचा पासपोर्ट काढता येईल. पण मग तिला इथे राहायला व्हिसा लागेल. आणि एकदा बाहेर गेली की परत येऊ देतील, असं मी सांगू शकत नाही."

"स्वतःच्या घरात राहायला व्हिसा?" बहिणीने विचारलं.

मी तिला म्हटलं, "तू एकटी जाऊन ये. मी सांभाळते हिला."

"आणि मागे पोलीस तिलाही न्यायला आले तर? तू त्यांना काय सांगशील, ताई?"

ती गेली नाही.

मेहुणे वारले. दफन आम्ही फोनवर पाहिलं. चित्र सारखं अडकत होतं. "मावशी, जरा जवळून दाखवायला सांग ना," पोर म्हणाली. मी फोनमध्ये ओरडून सांगितलं, पण तिकडच्या रडारडीत कुणाला ऐकू गेलं नाही.

आताशा दारावर अनोळखी थाप पडली की बहीण लेकीला आतल्या खोलीत पाठवते. हल्ली पोर न सांगताच उठून जाते.