भावोजींच्या दोन घरपट्ट्या

आमचे भावोजी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते आणि ती तीसही वर्षं स्वतःच्या घरी जिन्याने चढून येत होते. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. कुणी त्यावरून चिडवलं की म्हणायचे, "दिवसभर लोकांना वर नेतो, संध्याकाळी स्वतःला नेतो. त्यात काय!"

ते घर ताईच्या नावावर होतं. लोकांचे कपडे शिवून, उसवून, आखूड आणि सैल करून तिने त्याचे हप्ते फेडले होते. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन आणि भिंतीला लागून कातरकामाचं लांबलचक टेबल. मी तिची धाकटी बहीण. तेव्हा मी कुणाच्या बाजूने बोलणार हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

निवृत्त झाल्यावर भावोजींनी कुणाला न विचारता आठव्या मजल्यावर नवं घर घेतलं. आम्हाला घर दाखवायला नेलं आणि पाऊण तास लिफ्टच दाखवली. दार मिटताना आवाज होत नाही हे ऐकवायला त्यांनी आम्हा दोघींना चार वेळा गप्प उभं केलं. स्वयंपाकघर ताईने एकटीनेच पाहून घेतलं.

"माझे गुडघे गेलेत," ते म्हणाले. "आता इथे राहायचं. जुनं घर महिन्याभरात विकून टाकतो."

सामान हलवायच्या दिवशी कळलं की ताईचं टेबल लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याने नेलं तर नव्या घराच्या दारात वळत नाही. आयुष्यभर लिफ्टची मापं घेतलेल्या माणसाने घरातलं टेबल मोजलं नव्हतं! मग टेबल आणि मशीन जुन्या घरीच राहिलं. ताई रोज सकाळी आठ मजले उतरायची, वीस मिनिटं चालायची, तीन मजले चढायची आणि शिवायला बसायची.

महिना कसला, चौदा महिने झाले तरी जुनं घर विकलं जाईना. घर बघायला येणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत घामाघूम झालेला असायचा, आणि दम लागलेला माणूस पहिल्यांदा भाव पाडतो. भावोजी हे ओळखून होते. आल्याआल्या पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि समोरच्याचा श्वास जागेवर आला की मगच किंमत सांगायचे. तरी तो माणूस जिन्याकडे एकदा बघायचाच. "घरी विचारून सांगतो," म्हणायचा आणि काढता पाय घ्यायचा.

अशात एकाच दिवशी दोन्ही घरांच्या घरपट्ट्या आल्या. नव्या घराची निम्मी, कारण तिथे मालक स्वतः राहत होते. जुन्याची पूर्ण, कारण रात्री तिथे कुलूप. भावोजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग चष्मा लावून मागच्या बाजूचे बारीक अक्षरांतले नियम वाचले, जे आजवर छापणाऱ्यानेही वाचले नसतील. त्यात एक ओळ सापडली. नवरा-बायकोला मिळून एकाच घरावर सूट, पण दोघं विभक्त राहत असतील तर दोन्ही घरांवर.

झालं! भावोजींच्या डोक्यात किडा वळवळला.

"आपण वेगळे होऊ," ते ताईला म्हणाले. "घर विकेपर्यंतच."

"मी खोटं सांगणार नाही हं," ताई म्हणाली.

"खोटं कुठे? तू तिथे राहा, मी इथे राहतो. खरंच राहायचं. मग खोटं उरलंच कुठे?"

ताई लगेच म्हणाली, "बरं." इतक्या पटकन ती बरं म्हणाल्याचं मला नवल वाटलं. भावोजींना वाटलं नाही. त्यांनी अर्ज भरून टाकला. दोन महिन्यांत कधीही तपासनीस येऊन पाहून जाईल, असं उत्तर आलं.

ताई जुन्या घरी राहायला गेली आणि आठवड्याभरात तिच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. वेगळे झाल्याची बातमी गल्लीत पसरली, तशा बायका धीर द्यायला येऊ लागल्या. नुसतं रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून कुणी उसवलेली बाही आणायची, कुणी पडदे. ताई सुस्कारे टाकायची आणि मापं घ्यायची. तिचा धंदा इतका कधीच चालला नव्हता.

इकडे भावोजींना चहाची साखर सापडेना. दोन दिवस त्यांनी तग धरला. तिसऱ्या दिवसापासून ते दुपारी आणि संध्याकाळी जेवायला जुन्या घरी येऊ लागले, तेही कुणी बघू नये म्हणून मागच्या अरुंद जिन्याने. ज्या गुडघ्यांसाठी आठव्या मजल्यावर घर घेतलं, तेच गुडघे आता दिवसातून दोनदा तीन मजले चढत होते. मी हसले की म्हणायचे, "तू गप्प बस गं."

तपासनीस आला तेव्हा भावोजी स्वयंपाकघरात जेवत होते. मी बटणं लावत बसले होते, ताई मशीनवर. दार उघडंच होतं. साहेब थेट आत आले आणि त्यांना तोंडात घास असलेले भावोजी दिसले.

"बाई, इथे तुम्ही एकट्याच राहता ना?"

"हो."

"मग हे कोण?"

ताईच्या कपाळावर साधी आठीसुद्धा नाही. "गिऱ्हाईक," ती म्हणाली. "लांबून आलेत, म्हटलं दोन घास खाऊन घ्या. चला हो, उभे राहा स्टुलावर. पँट आखूड करायचीय ना?"

भावोजी हात धुऊन मुकाट्याने स्टुलावर चढले. ताई टाचण्या घेऊन त्यांच्या पायाशी बसली. साहेबांनी खुर्ची ओढली आणि कागद काढला.

"विभक्त राहण्याचं कारण लिहावं लागतं. थोडक्यात सांगा."

"थोडक्यात नाही व्हायचं," ताई म्हणाली आणि कापड दुमडून पहिली टाचणी लावली. "माणूस वाईट नाही हो. व्यसन नाही, आवाज चढवत नाही. पण ठरवतो एकटाच, आणि मग आम्हाला कळवतो. भिंतीचा रंग कळवला, सहल कळवली, मी चालवून घेतलं. मग एक दिवस समोर किल्ली धरली. घर घेतलं म्हणे. माझं टेबल कुठे ठेवायचं ते विचारलं नाही. आता हे घर विकायला काढलंय. विकूया का, असं नाही. विकतोय! माझ्या नावावरचं घर. मी काय बोलणार? रोज आठ मजले उतरून यायचे आणि वाटायचं, आज कुणी घेऊ नये. आजचा दिवस तरी घेऊ नये."

हे मलाही ठाऊक नव्हतं. माझी सुई हातातच राहिली.

"पण त्यांचे गुडघे..." स्टुलावरून आवाज आला.

"हलू नका," ताई म्हणाली. "टाचणी लागेल."

साहेबांनी वर पाहिलं. "तुम्ही ओळखता यांच्या मिस्टरांना?"

भावोजी स्टुलावरूनच म्हणाले, "तोंडओळख आहे."

मी दोरा तोडायच्या निमित्ताने मान खाली घातली. साहेबांनी कागदावर लिहिलं: पत्नीस न विचारता घर खरेदी. सही केली. जाताना दारात घुटमळले आणि म्हणाले, "माझीही एक पँट आहे कमरेत घट्ट झालेली. आणली तर चालेल?"

ते गेल्यावर भावोजी स्टुलावरून उतरले. "हे सगळं त्यांच्यासाठी होतं ना?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं," ताई म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत?"

आणि तिने ती पँट खरंच कापली. चार बोटं आखूड, घोटे दिसतील अशी. शिलाईचे पैसेही घेतले.

त्यानंतर दहा दिवस भावोजी जेवायला आले नाहीत. ताई म्हणायची, बरंच झालं, माझं काम होतंय. पण स्वयंपाक रोज दोघांचा व्हायचा, आणि मागच्या जिन्यावर पाऊल वाजलं की मशीन थांबायचं. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर काळजीही वाटत होती.

अकराव्या दिवशी एक व्यायामशिक्षक घर बघायला आला. तो तीन मजले पळतच चढला. त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता, त्यामुळे भाव पाडायचं त्याला सुचलंच नाही. भावोजी मागून आले, दम खात. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो माणूस सांगितलेल्या किमतीचा इसार घेऊन समोर बसला होता. ताईने मशीनवरचं काम थांबवलं नाही, पण सुई कापडावर नव्हतीच, नुसतीच चालत होती.

"मग पक्कं समजू?" व्यायामशिक्षकाने विचारलं.

भावोजी म्हणाले, "घर हिचं आहे. हिला विचारतो." मग ताईकडे वळले. बत्तीस वर्षांत न विचारलेलं विचारताना माणसाचं तोंड केवढं कोरडं पडतं ते मी त्या दिवशी पाहिलं. "विकायचं का गं?"

ताईने डोळ्यांना पदर लावला, मग नाक पुसलं. "नाही," ती म्हणाली.

व्यायामशिक्षक आला तसाच पळत उतरला.

आठव्या मजल्यावरचं घर नऊ दिवसांत गेलं. लिफ्ट बघूनच गेलं. भावोजींनी घरपट्टीच्या कचेरीत जाऊन आपण पुन्हा एकत्र राहतो असं लिहून दिलं, आणि महिनाअखेरीस दोन पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. मी खाली भेटले, एक पिशवी घेतली. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले.

"भावोजी, गुडघ्यांचं काय आता?"

"दुखतात," ते म्हणाले. "खूप दुखतात. पण तिकडे लिफ्टने वर गेलं की घराचं दार मलाच उघडावं लागायचं."