खुल्या नियमांचं पुस्तक आणि वहिनीचा डाव

आमच्या भागात कंपन्यांचा रविवार गुरुवारी येतो. त्या दुपारी निगडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये डाव बसतो, पण पत्त्यांचा नव्हे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलतात, आणि पेच पडला की फासे टाकून निकाल लावतात. नियमांचं पुस्तक इंग्रजी, म्हणून गोष्ट सांगायची ती मीच. माझी वहिनी बीडची. पहिल्याच डावात तिनं माझ्या राक्षसाला बोलण्यात असं गुंडाळलं की तो बिचारा पहारा सोडून घरी गेला.

एकदा डाव आवरताना ती म्हणाली, "ताई, हे पुस्तक मराठीत असतं तर मीच चालवला असता की डाव. दर वेळी तुम्हाला विचारायचं आन् मग बोलायचं, कंटाळा येतो." मला ते लागलं, कारण खरंच होतं.

सुदैवानं त्या परदेशी लेखकानं पुस्तकातले नियम सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. घ्या, भाषांतर करा, बदला, छापून वाटा. फक्त मूळ कोणाचं आणि तुम्ही काय बदललंत ते लिहा, एवढीच अट. चित्रं आणि त्याच्या गोष्टीतली गावं मात्र त्यानं स्वतःकडे राखली होती. कधी न पाहिलेल्या माणसाबद्दल इतकी माया मला क्वचितच वाटली असेल. आमच्या सोसायटीत पार्किंगची वीतभर जागा कोणी सोडत नाही, आणि हा गृहस्थ स्वतःची मेहनत जगाच्या हवाली करून मोकळा झाला होता.

नियम मी मराठीत आणले. गावं वहिनीनं रचली. चाकणच्या कांदा मार्केटमागे एक गोदाम, त्यात रडणारं भूत, आणि ते दुःखानं रडतंय की कांद्यानं, हे खेळणाऱ्यांनी शोधायचं. पानं माझ्या भावानं, म्हणजे दादानं, कॉम्प्युटरवर लावली. प्रती छापून आल्या त्याच दुपारी वहिनीनं सोसायटीतल्या बायकांना डावाला बोलावलं होतं. मी पुस्तक उघडलं, तर मूळ लेखकाचं नावच नाही.

दादा तळवड्याच्या एका छोट्या युनिटमध्ये ड्रॉइंगं सांभाळतो. काम बाहेर करायला द्यायचं असलं की ड्रॉइंगवरचं गिऱ्हाइकाचं नाव आधी पुसायचं, ही तिथली शिस्त. इथेही त्यानं इमानदारीनं पुसून टाकलं होतं.

"अहो, कामून पुसलं?" वहिनीनं विचारलं.

"हाताच्या सवयीनं गेलं गं," दादा म्हणाला.

मी भडकले. नाव नाही तर परवानगीही नाही, म्हणजे पुस्तकं कोणाच्या हातात देता येणार नव्हती. वहिनीनं खोक्यातली एक प्रत बाहेर काढली, मांडीवर घेतली आणि परत आत ठेवली. ते मला बघवेना.

दादा चपला घालून निघून गेला. मला वाटलं, रुसला. थोड्या वेळानं तो चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून स्टिकर छापून घेऊन आला. लेखकाचं नाव, कोणत्या परवानगीनं घेतलं, काय बदललं, सगळं त्यावर होतं.

"माल रिजेक्ट नाही," तो म्हणाला. "रिवर्क आहे. बसा."

आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी चिकटवत बसलो. वाकडा लागलेला एकही स्टिकर वहिनीनं पास केला नाही. दादानं निमूटपणे सोलून पुन्हा लावले. त्या दुपारी मला दोघांचाही फार अभिमान वाटला.

बायका आल्या. वहिनीनं आधी स्टिकरवरचा मजकूर मोठ्यानं वाचला, लेखकाच्या नावाचा उच्चार बहुधा चुकवत, आणि मग गोष्ट सुरू केली. मी एक नियम समजावून सांगायला गेले, तर म्हणाली, "ताई, पुस्तक माझ्याजवळ हाय."

गोदामात शिरताच भुतानं मला धरलं. फासे वाईट पडले. मी गयावया करून सवलत मागितली. वहिनीनं पान उलटलं, माझ्याच मराठीवर बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं. मी मेले. त्या खेळात इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं.